लग्नाआधी पैशाचं बोलणं कसं करायचं, आणि लग्नानंतर कोणते कागद आधी करायचे

आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते. महिन्याची पाच तारीख होती. कुठल्याशा बिलाचा ओटीपी बघायला बायकोनं माझा मोबाइल हातात घेतला आणि नेमका तेव्हाच बँकेचा मेसेज आला, खात्यातून ११,६३४ रुपये वळते. "हे कसले?" तिनं विचारलं. लग्नासाठी मी ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं होतं आणि ते तिला सांगितलं नव्हतं. लपवायचं असं ठरवून नव्हे, सांगायची वेळच मी पुढे पुढे ढकलत गेलो. पण तिच्या जागी उभं राहून पाहिलं तर दोन्हीत काही फरक नव्हता. त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात कामापुरतं बोलणं होतं.

मग आम्ही सगळं वहीत मांडलं आणि एकेक कागद नीट केला. त्यात वर्ष गेलं. ज्यांचं लग्न आता ठरतंय, किंवा जे अजून भेटीगाठींच्या टप्प्यावर आहेत, त्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय. मी नोकरदार आहे आणि महाराष्ट्रात राहतो, त्यामुळे कायदे आणि कार्यालयं इथलीच येतील.

१. भेटीगाठींचा काळ: प्रत्यक्ष भेटल्याशिवाय एक रुपयाही नाही

ओळख डेटिंग ॲपवर झालेली असो, विवाहसंस्थेच्या संकेतस्थळावर झालेली असो की नातेवाइकांनी स्थळ सुचवलेलं असो, हा नियम कडक पाळा. फसवणुकीचे ठरलेले प्रकार आहेत. पहिला, परदेशात असल्याचं सांगणारी व्यक्ती भेटवस्तू पाठवते आणि ती 'कस्टममध्ये अडकली' म्हणून पैसे मागितले जातात. दुसरा, दोन-तीन आठवडे गोड बोलून एखाद्या ट्रेडिंग ॲपमध्ये पैसे घालायला लावतात. सुरुवातीला थोडा नफा काढूनही देतात, म्हणजे विश्वास बसतो. तिसरा, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग करून धमकावतात.

तिसऱ्या प्रकारात बहुतेक मुलं लाजेपोटी पैसे देतात आणि मागणी वाढत जाते. पैसे देऊ नका. चॅटचे आणि नंबरचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ब्लॉक करा. कुठल्याही प्रकारात पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. घरच्यांना कळेल या भीतीनं दोन दिवस घालवू नका.

या टप्प्यावरची दुसरी चूक आपण स्वतः करतो. क्रेडिट कार्डावर महागडी हॉटेलं, हप्त्यावरचा फोन, मित्राची गाडी. जो खर्च लग्नानंतर महिन्याला झेपणार नाही तो आत्ता दाखवू नका. समोरची मुलगी त्यावरून तुमच्या परिस्थितीचा अंदाज बांधत असते, आणि तो अंदाज चुकला की फसवल्याची भावना तिच्या मनात राहते.

बायोडाट्यातही तेच. 'पॅकेज' लिहू नका, हातात येणारा पगार लिहा. पॅकेजच्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि मिळेल न मिळेल असा बोनसही धरलेला असतो.

२. आधी स्वतःचा एक कागद तयार करा

मुलीशी बोलण्याआधी तुम्हाला स्वतःचं चित्र माहीत हवं. एका पानावर लिहा:

- दरमहा हातात येणारा पगार, गेल्या सहा महिन्यांची सरासरी
- चालू कर्जं: किती बाकी, हप्ता किती, कधी संपणार. शैक्षणिक कर्ज, बाइकचं कर्ज, मित्राकडून घेतलेले हातउसने, सगळं
- क्रेडिट कार्डाची थकबाकी
- बचत: एफडी, पीएफ, पीपीएफ, म्युच्युअल फंड, सोनं
- ज्या विम्याचे हप्ते भरताय ते
- घरी दरमहा देत असलेली रक्कम
- कुणाच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर ते

शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला किंवा मित्राच्या दुकानाला केलेली सही म्हणजे तुमच्यावरचं कर्जच आहे. तो हप्ते चुकवेल तेव्हा बँक तुम्हालाच गाठेल.

यासोबत स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपली कर्जं आणि कार्डं व त्यांच्या फेडीचा अहवाल, काढा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीनं वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. गुणांक ३०० ते ९०० मध्ये असतो. पण गुणांकापेक्षा आतली यादी नीट वाचा. कॉलेजात असताना घेतलेलं आणि विसरलेलं कार्ड, फेडूनही 'बंद' न दाखवलेलं कर्ज तिथे सापडतं. मला माझ्या अहवालात फेडलेल्या बाइकचं कर्ज चालू दिसलं. बँकेकडून 'काही येणे नाही' असा दाखला घेऊन ते दुरुस्त करून घ्यायला दोन महिने लागले.

३. बोलणं: सुपारी फुटायच्या आधी

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

वेळ कोणती? पहिल्या भेटीत नको. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात, मोठी माणसं समोर असताना तर अजिबात नको. दोघांना एकमेकांबद्दल बरं वाटतंय हे कळल्यावर, तिसऱ्या-चौथ्या भेटीला, दोघंच असताना. पण सुपारी फुटण्याआधी. एकदा तारीख ठरली, हॉलला पैसे भरले आणि नातेवाइकांना फोन गेले की खरं सांगणं आणि खरं ऐकणं दोन्ही अवघड होतं. नाही म्हणायची मोकळीक तिच्याकडे असताना सांगितलेलं तेवढंच मोकळेपणानं सांगितलेलं.

सुरुवात कशी करायची हे मला सुचलं नव्हतं, म्हणून माझ्या धाकट्या भावाला मी सरळ वाक्य दिलं होतं: "आपलं जमतंय असं मला वाटतं. पुढे जाण्याआधी माझ्यावर काय कर्ज आहे, घरी मी काय देतो, हे तुला माहीत असावं असं वाटतं. मी लिहून आणलंय." एवढं पुरलं. समोरच्या मुलीनं पुढच्या भेटीत स्वतःची वही आणली.

बोलायचे विषय:

- दोघांवरची कर्जं. तिचं शैक्षणिक कर्ज असेल तर ते लग्नानंतर कोण फेडणार?
- आईवडिलांना दरमहा काय द्यायचं. तुम्ही तुमच्या आईवडिलांना देणार असाल, तर तिनंही तिच्या आईवडिलांना देण्यात वावगं काही नाही. एकुलती एक मुलगी असेल तर हा प्रश्न आधीच विचारा.
- एकत्र राहायचं की वेगळं. भाडं, डिपॉझिट, किंवा घरखर्चातला तुमचा वाटा.
- भावंडांचं शिक्षण, लग्न, यात तुमच्याकडून किती अपेक्षा आहे.
- लग्नानंतर तिची नोकरी, बदली, पुढचं शिक्षण. मूल झाल्यावर कुणी किती काळ थांबायचं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. तिचा पगार तिचा आहे. "पगार घरात द्यावा लागेल" हे वाक्य तुमच्याकडून जाऊ नये, आणि घरचे तसं बोलत असतील तर त्यांना थांबवणं हे तुमचं काम आहे, तिचं नाही. घरखर्चात दोघांचा वाटा असावा हे बोलणं वेगळं. ते पुढे सहाव्या पायरीत येतंच.

तिनं उत्तर द्यायला वेळ मागितला तर द्या. कर्जाचा आकडा ऐकून तिनं नकार दिला तर वाईट वाटेल, पण तो तिचा हक्क आहे.

४. लग्नाचा खर्च

दोन्ही घरांनी मिळून एक आकडा ठरवा आणि तो ओलांडायचा नाही. खर्च अर्धा-अर्धा. मुलीकडच्यांनी सगळं करायचं ही पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती मोडायची झाली तर पुढाकार मुलानंच घ्यावा लागतो, कारण मुलीच्या वडिलांना ते बोलायचा संकोच असतो.

कर्ज काढू नका. माझंच उदाहरण घ्या. ५ लाख, १४ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता ११,६३४. एकूण फेड जवळपास ६,९८,०००. म्हणजे दोन लाख रुपये फक्त व्याजाचे, एका दिवसाच्या समारंभासाठी, आणि तेही संसाराच्या पहिल्या पाच वर्षांत, जेव्हा डिपॉझिट, फ्रिज, गादी, गॅस सगळं नव्यानं घ्यायचं असतं. साठवलेले जेवढे आहेत तेवढ्यातच लग्न करा. पाहुणे कमी करा, जेवण चांगलं ठेवा.

इथले सापळे:

रोख व्यवहार. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे एका समारंभासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. कार्यालयवाला, केटरर, डेकोरेशनवाला यांना बँकेतून द्या आणि पावती घ्या. पावती नसली तर तारीख बदलली किंवा रद्द झाली की ॲडव्हान्स परत मागायला तुमच्या हातात काही नसतं.

हुंडा. १९६१च्या कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. किमान ५ वर्षं कैद, आणि किमान १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यांत जो जास्त तो दंड. नुसती मागणी करणंही गुन्हा आहे. 'आम्ही काही मागितलं नाही, पण मुलाला गाडी द्याल ना' हे बोलणं म्हणजे मागणीच. मामा, काका असं काही बोलत असतील तर बैठकीतच, सगळ्यांसमोर नाही म्हणा.

भेटींची यादी. आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतातच. त्यातच एक भर घाला. १९८५च्या नियमांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची वेगवेगळी लेखी यादी करायची असते: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. फार थोडे लोक हे करतात. तुम्ही करा. प्रत्येकाकडे एक प्रत राहू द्या. तिला मिळालेले दागिने आणि वस्तू हे तिचं स्त्रीधन, त्यावर तिची एकटीची मालकी. लॉकर घ्यायचा तर तिच्या नावे, किंवा तिची सही चालेल असा घ्या. सासूच्या कपाटात ठेवलेल्या दागिन्यांवरून पुढे किती घरांत वाद होतात ते तुम्हीही पाहिलं असेल.

लग्नात मिळालेल्या आहेरावर नवरा-नवरीला प्राप्तिकर लागत नाही. मोठी रक्कम बँकेत भरणार असाल तर आहेराची वही जपून ठेवा.

५. विवाह नोंदणी: अक्षता पडल्या म्हणजे दाखला मिळत नाही

दोन वाटा आहेत.

पहिली, धार्मिक विधीनं लग्न आणि मग नोंदणी. महाराष्ट्रात १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत अर्ज करायचा. शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. मुदत उलटली तरी नोंदणी होते, पण विलंब शुल्क आणि हेलपाटे वाढतात.

लागणारी कागदपत्रं:

- दोघांचा वयाचा पुरावा (मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण)
- दोघांचा रहिवासी पुरावा
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- लग्नपत्रिका आणि लग्नातला दोघांचा फोटो
- विधी करणाऱ्या गुरुजींची, काझींची किंवा जे कोणी असतील त्यांची माहिती आणि अर्जावर सही
- तीन साक्षीदार, त्यांच्या ओळखपत्रांसह
- आधी घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूम, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला

गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन टाका. सीझनमध्ये ते नंतर सापडत नाहीत. आम्ही तीन रविवार त्यांच्या मागे फिरलो.

दुसरी वाट, १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न. धर्म, जात वेगळी असो वा एकच, कुणीही करू शकतं. दोघांपैकी किमान एक जण त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस राहिलेला असला पाहिजे. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लावायचं, नाहीतर नव्यानं नोटीस. इथेही तीन साक्षीदार. दाखला तिथेच मिळतो, पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागत नाही. नोटीस कार्यालयात लावली जाते, त्यामुळे घरून विरोध असेल तर वकिलाचा सल्ला आधीच घ्या.

दाखल्यावर नावांचं स्पेलिंग आधार आणि पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच सही करा. दाखल्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती घेऊन ठेवा.

बायकोनं नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. ती काय ते ठरवेल. बदलणार असेल आणि लगेच परदेशी फिरायला जायचं असेल, तर तिकीट आणि व्हिसा जुन्या पासपोर्टच्या नावानंच काढा.

६. तीन खाती

पुष्कळ प्रयोग करून आम्ही यावर स्थिरावलो: त्याचं एक, तिचं एक, आणि घरखर्चाचं एक संयुक्त खातं. संयुक्त खातं उघडताना 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' हा पर्याय निवडा. 'दोघांच्या सहीनं' निवडलंत तर एक जण गावाला गेला की व्यवहार अडतो.

घरखर्चात वाटा पगाराच्या प्रमाणात घाला, समसमान नको. समजा त्याचा पगार ६०,००० आणि तिचा ४०,०००, घरखर्च ४५,०००. मग त्यानं २७,००० आणि तिनं १८,००० संयुक्त खात्यात टाकायचे. उरलेल्यातून ज्यानं त्यानं आपली बचत, आपले आईवडील, आपली हौस बघायची. त्यावर प्रश्न नाहीत.

ती नोकरी करत नसेल तरी तिचं स्वतःचं खातं असू द्या आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात न मागता जाऊ द्या. घरात ती जे काम करते त्याची किंमत धरली तर ही रक्कम तशी लहानच असते. हिशोब विचारू नका. एक तांत्रिक मुद्दा: तुम्ही दिलेल्या पैशांची तिनं एफडी केली तर त्याचं व्याज करासाठी तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. बायकोच्या नावे ठेव ठेवून कर वाचतो असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

७. नॉमिनी: जुनी नावं बदला

नॉमिनी म्हणजे आपण गेल्यावर पैसे ज्याच्या हाती द्यायचे ती व्यक्ती. लग्नाआधी आपण सगळीकडे तिथे आईचं किंवा वडिलांचं नाव टाकलेलं असतं. पीएफच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे: लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्न झालं की आपोआप रद्द होतं. नवीन करावंच लागतं. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या संकेतस्थळावर यूएएननं (पगाराच्या पावतीवरचा पीएफ क्रमांक) लॉगिन करून ई-नॉमिनेशन करा; आधारला जोडलेला मोबाइल आणि नॉमिनीचा फोटो लागतो. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर बायको आणि ते अशी टक्केवारी विभागता येते. याच नामनिर्देशनावर पीएफसोबतच्या विम्याचे, कमाल ७ लाखांपर्यंतचे, पैसेही अवलंबून असतात. ग्रॅच्युइटीचा फॉर्म कंपनीत वेगळा भरायचा असतो, तो विसरू नका.

बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात. त्यामुळे 'आई की बायको' असा पेच उरलेला नाही.

पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक किंवा म्युच्युअल फंडाच्या पैशांत नॉमिनी सहसा फक्त ताब्यात घेणारा असतो, मालकी वारसांची. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आई, बायको आणि मुलं यांना समान वाटा मिळतो. कायद्यानं हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि वडील त्या वर्गात येतच नाहीत. हे मला तिशी उलटल्यावर कळलं. वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार असे निवडा ज्यांना त्यातून काही मिळणार नाही.

८. विमा

आरोग्य विमा आधी. कंपनीच्या गट विम्यात बायकोचं नाव घालायला लग्नानंतर थोडेच दिवस मिळतात, बहुतेक ठिकाणी महिनाभर. ती मुदत चुकली तर थेट पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. एचआरला लग्नाच्या आधीच विचारून ठेवा. स्वतंत्र पॉलिसी घेणार असाल तर बाळंतपणाचा खर्च कधीपासून मिळतो ते वाचा. त्याला बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षा काळ असतो.

मग टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा. वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट रक्कम. नातेवाईक एजंट 'पैसे परत मिळणारी' पॉलिसी गळ्यात मारायला येतील, लग्नानंतर तर हमखास. नम्रपणे नाही म्हणा. आधीच घेतली असेल आणि पटत नसेल, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

तुमच्यावर कर्ज असेल किंवा धंदा असेल, तर टर्म विमा १८७४च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्या. मग ते पैसे बायको-मुलांनाच मिळतात, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. मात्र हे अर्ज भरतानाच नमूद करावं लागतं, पॉलिसी निघाल्यावर जोडता येत नाही. अर्ज एजंट भरत असेल तर तो रकाना स्वतः तपासा.

९. महिन्यातून एकदा बसा

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही अर्धा तास बसतो. संयुक्त खात्याचं स्टेटमेंट, क्रेडिट कार्डाचं बिल, येत्या महिन्यातले मोठे खर्च, कुणाकडून उसने मागणं आलंय का, एवढंच. भांडण झालं असेल त्या आठवड्यात बसणं पुढे ढकलतो. मोबाइलच्या नोंदींपेक्षा वही बरी पडते, कारण दोघांच्याही हाताला लागते.

विवाहाचा दाखला, विम्याच्या पॉलिसी, नामनिर्देशनाच्या पोचपावत्या, भेटींची यादी, कर्ज फेडल्याचे दाखले, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. पहिल्या पानावर खात्यांची आणि पॉलिसींची यादी लावा, एजंटचा आणि बँक शाखेचा फोन नंबर लिहा. पासवर्ड तिथे लिहू नका. फाइल कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे हे बायकोला दाखवा, आणि तिची कागदपत्रं कुठे आहेत ते तिला विचारून घ्या.